नावाच्या शेवटचा ‘एम’: जुनी डेस्कटॉप आणि लॅपटॉप ग्राफिक्स कार्डे कशी ताडून पाहावीत

एनव्हिडियाने २०१५च्या जानेवारीत डेस्कटॉपसाठी जीफोर्स जीटीएक्स ९६० हे कार्ड आणले आणि मार्चमध्ये लॅपटॉपसाठी जीटीएक्स ९६०एम आणले. दोन्ही नावांत फरक एका अक्षराचा आहे, त्यामुळे लॅपटॉपचे कार्ड म्हणजे डेस्कटॉपच्याच कार्डाची थोडी मंद आवृत्ती असावी, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात पहिल्या कार्डात जीएम२०६ नावाची चिप आहे आणि तिच्यात १०२४ कोअर (एकाच वेळी हिशेब करणारे छोटे गणक) आहेत, तर दुसऱ्यात जीएम१०७ ही वेगळी आणि लहान चिप असून तिच्यात ६४० कोअर आहेत. ही लहान चिप त्याआधी वर्षभर जीटीएक्स ७५० टीआय या नावाने डेस्कटॉपमध्ये चालतच होती. म्हणून ९६०एमची ताकद जोखायची असेल, तर तिला ९६०शेजारी नव्हे, ७५० टीआयशेजारी बसवावे लागते, आणि तिथे ती बऱ्यापैकी शोभते.

जुन्या ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेत बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. नाव हे मोजमाप आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक नावातला आकडा एवढेच सांगतो की त्या वर्षीच्या, त्या कंपनीच्या, त्या प्रकारच्या कार्डांच्या रांगेत हे कार्ड साधारण कितवे उभे होते. डेस्कटॉपची रांग वेगळी आणि लॅपटॉपची वेगळी. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आणि जिल्ह्यात पहिला आलेला विद्यार्थी, दोघेही पहिलेच, पण दोघांचे गुण सारखे असतील असे कोणी म्हणत नाही.

या रांगा किती वेगळ्या असू शकतात, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण जीटीएक्स २८०एम हे आहे. डेस्कटॉपचे जीटीएक्स २८० हे २००८ साली आलेले अवाढव्य कार्ड होते. त्यात २४० कोअर, ५१२ बिटांची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट) आणि २३६ वॅटची भूक होती. पुढच्या वर्षी आलेल्या २८०एममध्ये मात्र १२८ कोअरची जी९२बी चिप होती, जी मुळात २००७च्या ८८०० जीटी कार्डातल्या जी९२ चिपचीच सुधारित धाकटी बहीण होती. याच घराण्यातली चिप डेस्कटॉपमध्ये ९८०० जीटीएक्स आणि पुढे जीटीएस २५० या नावांनीही विकली गेली. म्हणजे वस्त्र बदलले, पाटी बदलली, आतला माणूस तोच राहिला.

एएमडीच्या बाजूलाही हेच चित्र होते. डेस्कटॉपच्या रेडिऑन एचडी ५८७० मध्ये १६०० स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीचे कोअर) होते, तर लॅपटॉपच्या मोबिलिटी रेडिऑन एचडी ५८७० मध्ये ८०० होते, आणि ती चिप डेस्कटॉपच्या एचडी ५७७०ची होती. एचडी ७९७०एम हे लॅपटॉपमधले त्या काळचे फार चांगले कार्ड, पण त्यातली पिटकेर्न चिप डेस्कटॉपच्या एचडी ७८७०ची होती. डेस्कटॉपच्या एचडी ७९७० मध्ये ताहिती नावाची मोठी चिप होती. दोन कंपन्या एकमेकींशी इतक्या बाबतीत भांडल्या, पण या एका बाबतीत त्यांचे एकमत होते. एवढेच नव्हे, तर निव्वळ डेस्कटॉपच्या रांगेतही आकडा दगा देतो: २०१० मध्ये आलेले एचडी ६८७० हे त्याच्या आदल्या पिढीतल्या एचडी ५८७० पेक्षा किंचित मंदच होते.

असे का करावे लागते, याचे उत्तर विजेत आणि उष्णतेत आहे. डेस्कटॉपच्या कार्डाला स्वतःचा जाडजूड हीटसिंक असतो, दोन-तीन पंखे असतात आणि पॉवर सप्लायकडून थेट येणारी वायर असते. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीच्या पेटीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप शेजारी शेजारी बसतात आणि पुष्कळदा दोघांची उष्णता एकाच तांब्याच्या नळीतून एकाच पंख्याकडे जाते. २०१० सालचे जीटीएक्स ४८० हे डेस्कटॉप कार्ड २५० वॅट वीज खात असे. तीच चिप जीटीएक्स ४८०एम या नावाने लॅपटॉपमध्ये बसवताना ती १०० वॅटमध्ये आणणे भाग होते, म्हणून ४८० पैकी ३५२ कोअर चालू ठेवले गेले आणि क्लॉक, म्हणजे चिपच्या ठोक्यांचा वेग, ७०० मेगाहर्ट्झवरून ४२५ मेगाहर्ट्झवर उतरवला गेला.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. चिपला लागणारी वीज तिच्या क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. चिप मंद चालवली की तिला कमी व्होल्टेज पुरते. समजा, क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले, तर लागणारी वीज ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास निम्मी होते. काम मात्र ऐंशी टक्क्यांच्या आसपास होत राहते. लॅपटॉपमध्ये मोठी चिप हळू चालवणे हे लहान चिप ताणून पळवण्यापेक्षा फायद्याचे का ठरते, हे या गुणाकारात आहे. निम्म्या विजेचे कार्ड म्हणजे निम्म्या वेगाचे कार्ड, हा हिशेब म्हणूनच चुकतो. आणि चिप, कोअर सारे काही तेच असताना दोन कार्डांचा वेग वेगळा निघू शकतो, हेही त्यामुळेच खरे आहे.

लॅपटॉपच्या जुन्या कार्डाकडे पाहताना मी आधी ते तीनपैकी कोणत्या जातीचे आहे हे शोधतो. पहिल्या जातीत नाव मोठ्या कार्डाचे आणि चिप धाकट्या कार्डाची असते. २८०एम आणि ९६०एम याच जातीतले. दुसऱ्या जातीत चिप तीच, पण तिचे काही भाग बंद केलेले असतात आणि क्लॉक कमी असतो. जीटीएक्स ६८० मध्ये जीके१०४ चिपचे सर्व १५३६ कोअर १००६ मेगाहर्ट्झला चालत, तर ६८०एममध्ये त्याच चिपचे १३४४ कोअर ७२० मेगाहर्ट्झला चालत. कोअर आणि क्लॉक यांचा गुणाकार करून पाहिला, तर लॅपटॉपच्या वाट्याला डेस्कटॉपच्या साधारण त्रेसष्ट टक्के गणनशक्ती येते. तिसऱ्या जातीत चिप पूर्ण असते आणि फक्त वीज मोजून दिलेली असते. सप्टेंबर २०१५ मध्ये जीटीएक्स ९८० ची सर्व २०४८ कोअर असलेली चिप लॅपटॉपमध्ये आली, तेव्हा तिला ‘एम’ लावला गेला नाही. १५३६ कोअरचे ९८०एम हे तोवर वेगळे अस्तित्वात होतेच.

२०१६ मध्ये पास्कल पिढी आली आणि एनव्हिडियाने आपल्या जीटीएक्स मालिकेतून ‘एम’ काढून टाकला. जीटीएक्स १०६० (६ जीबीचे) आणि १०८० या कार्डांत दोन्हीकडे कोअरची संख्या एकच होती. १०७०ची तर गंमतच झाली: डेस्कटॉपमध्ये १९२० कोअर आणि लॅपटॉपमध्ये २०४८. लॅपटॉपच्या कार्डात जास्त कोअर कमी क्लॉकवर चालवून जवळपास तेवढेच काम काढले, म्हणजे वर सांगितलेला गुणाकारच कामाला लावला. जुन्या लॅपटॉपमध्ये नावावर त्यातल्या त्यात विश्वास ठेवता येईल असा काळ कोणता, असे विचारले तर मी हाच सांगेन. तो फार टिकला नाही. २०१७ मध्ये मॅक्स-क्यू आले, ज्यात तीच चिप पातळ लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर चालवली जाई. पुढे आरटीएक्स ३० मालिकेत पुन्हा चिपच बदलली: डेस्कटॉपच्या आरटीएक्स ३०८० मध्ये ८७०४ कोअर आणि ३२० वॅट, तर लॅपटॉपच्या ३०८० मध्ये ६१४४ कोअर, आणि वॅट किती हे लॅपटॉप बनवणाऱ्यावर अवलंबून, ऐंशीपासून दीडशेच्याही वर. या पिढीपासून लॅपटॉपच्या कार्डाचे नाव वॅटच्या आकड्याशिवाय वाचणे जवळपास निरर्थक आहे.

आता कोअरच्या संख्येविषयी, कारण ती पाहताच माणसे लगेच तुलना करू लागतात. कोअर मोजून दोन कार्डे तोलणे हे एकाच कंपनीच्या एकाच पिढीत चालते. त्या कुंपणाबाहेर ते चालत नाही. फर्मी पिढीच्या जीटीएक्स ५८० मध्ये ५१२ कोअर होते आणि केप्लर पिढीच्या जीटीएक्स ६८० मध्ये १५३६, म्हणजे बरोबर तिप्पट. वेग तिप्पट झाला का? मुळीच नाही. फर्मीचे कोअर चिपच्या इतर भागांच्या दुप्पट क्लॉकवर धावत असत, केप्लरमध्ये ती पद्धत बंद करून कमी वेगाचे पण अधिक कोअर बसवले गेले. त्याचप्रमाणे एएमडीच्या एचडी ५८७० मधल्या १६०० स्ट्रीम प्रोसेसरांना एनव्हिडियाच्या जीटीएक्स ४८० मधले ४८० कोअर खेळांमध्ये पुरून उरत. दोन्ही कंपन्यांनी ‘एक कोअर’ कशाला म्हणायचे हे आपापले ठरवले आहे, आणि शेर व मण यांचे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत.

मेमरीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण स्वस्त कार्डांत सर्वाधिक फसगत इथे होते. कार्डाच्या डब्यावर किंवा लॅपटॉपवरच्या स्टिकरवर ‘४ जीबी’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा टाकी केवढी आहे हे सांगतो. नळ केवढा आहे हे सांगत नाही. ग्राफिक्स चिपला दर सेकंदाला प्रचंड माहिती मेमरीतून ओढावी लागते आणि ती किती वेगाने येईल हे बसची रुंदी व मेमरीचा प्रकार यांवर ठरते. हिशेब सोपा आहे: बसची रुंदी बिटांत घ्यावी, तिला आठाने भागावे आणि मेमरीच्या प्रत्येक वाहिनीच्या गिगाबिटांतल्या वेगाने गुणावे. जीटीएक्स ९६०साठी १२८ भागिले ८ म्हणजे १६, गुणिले ७, म्हणजे सेकंदाला ११२ जीबी. ९६०एममध्ये बस तेवढीच, पण मेमरी ५ गिगाबिटांची, म्हणून ८० जीबी.

आता हाच हिशेब जीटी ७३० या डेस्कटॉप कार्डाला लावून पाहू. या एकाच नावाखाली तीन कार्डे होती. एकात जुन्या फर्मी पिढीची ९६ कोअरची चिप आणि १२८ बिटांची डीडीआर३ (संगणकाच्या रॅमसारखी साधी) मेमरी, वेग सेकंदाला २८.८ जीबी. दुसऱ्यात केप्लरची ३८४ कोअरची चिप, पण ६४ बिटांची डीडीआर३, वेग फक्त १४.४ जीबी. तिसऱ्यात तीच ३८४ कोअरची चिप आणि जीडीडीआर५ (ग्राफिक्ससाठीची वेगवान) मेमरी, वेग ४० जीबी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण त्यांतल्या दुसऱ्या कार्डासाठीच रचली असावी: कोअर चौपट, पण त्यांच्या तोंडात घास पोहोचवणारा हात अधू. जीटी १०३०च्या बाबतीतही २०१८ मध्ये हेच झाले; जीडीडीआर५ असलेल्या मूळ कार्डाचा मेमरी वेग ४८ जीबी होता, तर त्याच नावाने आलेल्या डीडीआर४ कार्डाचा १६.८ जीबी.

लॅपटॉपमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण कार्ड उघडून पाहण्याची सोय नसते. जीटीएक्स ९५०एम काही लॅपटॉपांत डीडीआर३सह आले, काहींत जीडीडीआर५सह. जीटीएक्स ८६०एममध्ये तर चिपच दोन होत्या: काही लॅपटॉपांत मॅक्सवेल पिढीची ६४० कोअरची, काहींत केप्लरची ११५२ कोअरची. एमएक्स१५० हे नाव घेऊन २५ वॅटचे कार्डही आले आणि १० वॅटचेही आले. चिप एकच, पण मूळ क्लॉक एकाचा १४६८ मेगाहर्ट्झ आणि दुसऱ्याचा ९३७. स्टिकर मात्र सगळ्यांवर एकच.

विंडोज आणखी एक गोंधळ घालते. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर दोन आकडे असतात, एक कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा आणि दुसरा सामायिक मेमरीचा. सामायिक म्हणजे संगणकाच्या रॅममधून गरज पडल्यास उसना घेता येणारा भाग, आणि तो साधारण रॅमच्या निम्मा दाखवला जातो. २ जीबीचे कार्ड आणि ८ जीबी रॅम असेल तर बेरीज ६ जीबीच्या आसपास दिसते, आणि काही जण तेवढ्याच आकड्यावर खूश होतात. तुलनेसाठी फक्त पहिला आकडा धरावा.

हे सारे पाहण्यासाठी जीपीयू-झेड नावाचा छोटा, विनामूल्य प्रोग्राम पुरेसा आहे. त्याच्या पहिल्याच खिडकीत चिपचे सांकेतिक नाव, कोअरची संख्या, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि मेमरीचा वेग या सगळ्या गोष्टी एका नजरेत दिसतात. दुसरी खिडकी सेन्सर्सची असते. तिथे चालू क्लॉक आणि तापमान यांसोबत एक ओळ अशी असते की जी या क्षणी कार्डाचा वेग कशामुळे अडला आहे ते सांगते: उष्णतेमुळे, विजेच्या मर्यादेमुळे, की व्होल्टेजमुळे. लॅपटॉपसाठी मी या ओळीला बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त किंमत देतो.

ती सवय मला एका जुन्या लॅपटॉपने लावली. त्यातले कार्ड कागदावर व्यवस्थित होते. बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, चालवला की गुणही ठीक येत. खेळ सुरू केला की पहिली काही मिनिटे सारे सुरळीत चाले आणि मग चित्र अडखळू लागे. सेन्सर्सची खिडकी उघडी ठेवून पाहिले, तेव्हा सुरुवातीला हजाराच्या वर असलेला क्लॉक काही वेळाने पायऱ्या उतरावा तसा खाली येत होता आणि कारणाच्या ओळीत उष्णतेचे नाव दिसत होते. मागचे झाकण काढले, तर पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये धूळ व कापडाचा भुसा यांचा नमद्यासारखा दाट थर बसलेला होता, आणि चिपवरची थर्मल पेस्ट वाळून तिला वाळक्या मातीसारख्या भेगा पडल्या होत्या. थर काढला, पेस्ट नवी लावली आणि तेच कार्ड तासभर एका क्लॉकवर चालू लागले. त्यामुळे दोन-तीन मिनिटांच्या बेंचमार्कवरून डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांची तुलना करणे मी सोडून दिले. निदान वीस मिनिटे सलग ताण द्यावा आणि शेवटच्या पाच मिनिटांतला क्लॉक खरा मानावा. डेस्कटॉपमध्ये पहिल्या आणि विसाव्या मिनिटातला फरक सहसा थोडा असतो. लॅपटॉपमध्ये तो एका वेगळ्या कार्डाइतका असू शकतो.

लॅपटॉपमध्ये चित्र पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हेही थोडक्यात लक्षात घ्यायला हवे. २०१० पासून एनव्हिडियाच्या ऑप्टिमस पद्धतीत स्वतंत्र कार्ड चित्र तयार करते, पण ते प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सच्या मार्फत पडद्यावर जाते. बॅटरी वाचते, थोडा वेग जातो. काही लॅपटॉपांत बाहेरच्या मॉनिटरची एचडीएमआय जोडणी थेट स्वतंत्र कार्डाला असते, आणि तिथे मॉनिटर जोडला की फ्रेमची संख्या थोडी वाढलेली दिसते.

व्हिडिओ पाहण्यासाठी कार्ड घेणाऱ्यांनी वेगाशी संबंध नसलेली आणखी एक गोष्ट तपासावी. चिप कोणत्या प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकते, हे तिच्या ताकदीवर नव्हे, तर तिच्यातल्या व्हिडिओच्या खास भागावर ठरते. जीटीएक्स ९६० मधली जीएम२०६ चिप दहा बिटांचा एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) व्हिडिओ पूर्णपणे स्वतः उलगडते, पण तिच्याहून किती तरी बलवान जीटीएक्स ९८० मधली जीएम२०४ चिप ते करू शकत नाही, आणि ९६०एममधली जीएम१०७ही करू शकत नाही. अशा वेळी ते ओझे प्रोसेसरवर पडते आणि लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो.

राहता राहिले ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला कार्ड चालवता येण्यासाठीचे प्रोग्राम, आणि इथे एकाच चिपच्या दोन भावंडांचे आयुष्यही सारखे नसते. केप्लर पिढीच्या लॅपटॉप कार्डांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवले, तर त्याच पिढीच्या डेस्कटॉप कार्डांना ते २०२१पर्यंत मिळत राहिले. म्हणजे ६८०एम आणि ६८० यांत चिप जीके१०४च, पण लॅपटॉपच्या कार्डाची साथ दोन वर्षांहून अधिक आधी सुटली. एएमडीने एचडी ५००० आणि ६००० मालिकांची कार्डे २०१५च्या नोव्हेंबरात जुन्या विभागात टाकली आणि एचडी ७०००पासूनची पहिल्या काही पिढ्यांची कार्डे जून २०२१ मध्ये. ड्रायव्हर थांबला म्हणून कार्ड बंद पडत नाही. २०१८ सालचा खेळ त्यावर २०१८ सारखाच चालेल. पण नवा खेळ व्हल्कनवर (खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातल्या संवादाच्या एका पद्धतीवर) बेतलेला असेल, तर फर्मी पिढीच्या कार्डाला त्याचा ड्रायव्हर कधी मिळालाच नाही, मग ते डेस्कटॉपचे जीटीएक्स ५८० असो की लॅपटॉपचे ५८०एम.